पेशानं लेखक, वावर ऑनलाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदर, अनुवाद, शब्दांकन, संहिता, पुस्तकं यांवर ज्यांचं घर चालतं, किंवा निदान विजेचं बिल भागतं, त्यांना फेसबुक-व्हॉट्सअॅप-इन्स्टाग्रामवर वावरताना पडणारे हे प्रश्न आहेत. उत्तरं मराठी लेखनव्यवहार डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

ऑनलाइन खरं राहायचं म्हणजे मनात आलेलं सगळं लिहून टाकायचं का?

नाही. काय लिहायचं नाही, हे ठरवणं तुमच्या हातात आहे आणि गप्प राहण्यात खोटेपणा नसतो. तो असतो न वाचलेल्या पुस्तकाला 'अप्रतिम' म्हणण्यात, पैसे घेऊन केलेली शिफारस उत्स्फूर्त म्हणून खपवण्यात, आणि 'दादा, काय लिहिलंय!' अशी कमेंट टाकून त्याच पोस्टचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर हसण्यासाठी पाठवण्यात. इनबॉक्समधलं आपलं वाक्य उद्या चारचौघांत वाचलं गेलं तर निस्तरता येईल का, एवढं पाठवण्याआधी बघावं. मराठी साहित्याचं जग लहान आहे. स्क्रीनशॉट पुण्याहून निघून नागपूरमार्गे तुमच्याच फोनवर यायला एक संध्याकाळ पुरते.

मित्राचं पुस्तक आलंय, मला ते फारसं आवडलेलं नाही, आणि मी पोस्ट लिहावी अशी त्याची अपेक्षा आहे. काय करू?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पुस्तक आल्याची बातमी देणं आणि पुस्तकाबद्दल मत देणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आधी लक्षात घ्या. बातमी कोणत्याही पुस्तकाची मोकळ्या मनानं देता येते: नाव, प्रकाशक, पानं, किंमत, टपालखर्च धरून किती पडतं, मागवायचं कुठून. मित्राला खरं तर या पोस्टचाच उपयोग जास्त होतो, कारण कौतुकाच्या निम्म्या पोस्टींमध्ये किंमत आणि प्रकाशक यांचा पत्ताच नसतो.

मत द्यायचंच असेल तर खरोखर आवडलेली एक जागा शोधा आणि तेवढ्यावरच लिहा. 'अंतर्मुख करणारं, प्रत्येकानं संग्रही ठेवावं असं पुस्तक' हे वाक्य कशालाही लागू पडतं, म्हणून ते कुणी वाचत नाही. 'तिसऱ्या प्रकरणात मुकादम उचल देताना ऊसतोड जोडप्याशी जे बोलतो, ती दोन पानं मी पुन्हा वाचली' हे वाक्य लिहायला पुस्तक उघडावं लागतं, आणि ते वाचणाऱ्याला कळतं. त्या दोन पानांपलीकडचं पुस्तक आवडलं नसलं तरी या वाक्यात खोटं काही नाही.

तेवढीही जागा सापडली नाही तर मित्राला फोन करा. टाइप केलेला नकार असतो त्यापेक्षा कोरडा वाटतो. 'दोन कथांपाशी मी रमलो, बाकीच्यांत शिरता आलं नाही. पुस्तक आल्याची पोस्ट टाकतो, परीक्षण नको लिहायला,' एवढं पुरतं. पण हे प्रकाशनाच्या आठवड्यात सांगू नका. त्या दिवसांत लेखकाला छपाईतली चूकसुद्धा ऐकवत नाही. सविस्तर त्रुटी सांगायच्या असतील तर दुसऱ्या आवृत्तीची बोलणी सुरू होतील तेव्हा सांगा. तेव्हा त्यांचा उपयोगही होतो.

प्रकाशकानं भेट प्रत पाठवली, तर पोस्टमध्ये तसं सांगावं लागतं का?

सांगावं. भारतीय जाहिरात मानक परिषदेनं (मराठीतही सगळे तिला 'अॅस्की'च म्हणतात) २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या शिफारशींसाठी नियमावली आणली. पैसे, फुकट वस्तू, सवलत, प्रवासखर्च, नोकरीचं नातं यांपैकी काहीही असेल तर ते वाचकाला सहज दिसेल असं सांगायचं, हे तिचं सूत्र आहे. 'सहज दिसेल' म्हणजे पहिल्या दोन ओळींत. 'आणखी वाचा'च्या खाली किंवा वीस हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेली कबुली धरली जात नाही.

शब्द साधे ठेवा: 'प्रत प्रकाशकांकडून मिळाली.' 'या पुस्तकाचं मुद्रितशोधन मी केलं आहे.' 'ही सशुल्क पोस्ट आहे.' मुद्रितशोधक, संपादक किंवा त्याच प्रकाशनाचा लेखक असणं हेही नातंच आहे. पुस्तकांच्या बाबतीत आपल्याकडे हे सांगायची पद्धत नाही, म्हणून सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. चौथ्या-पाचव्या पोस्टला वाचकाला त्याची सवय होते.

अॅमेझॉनवर घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना पंचतारांकित अभिप्राय लिहायला सांगू नका. त्यांच्या नियमात ते बसत नाही आणि असे अभिप्राय काढून टाकले जातात. कधी कधी त्यासोबत खरे अभिप्रायही जातात. भेट प्रत देणं चालतं, पण 'प्रतीच्या बदल्यात अभिप्राय' ही अट चालत नाही.

माझ्या पुस्तकावर कुणीतरी फार वाईट लिहिलंय. उत्तर द्यावं का?

वस्तुस्थिती चुकली असेल तरच. १९७२च्या दुष्काळावरच्या कादंबरीला परीक्षकानं १९८२ लिहिलं, तर एक ओळ टाका: 'कादंबरीतला काळ १९७२-७३ आहे, एवढी दुरुस्ती. वाचल्याबद्दल आभार.' पात्रं निर्जीव वाटली, शेवट फसला, भाषा कृत्रिम वाटली, ही मतं आहेत आणि ती खोडायला जाणारा लेखक हमखास हरतो. त्याचा मुद्दा बरोबर असला तरी.

मित्रांना कुमक म्हणून बोलावू नका. 'कुणीतरी यावर बोललं पाहिजे' असं इनबॉक्समध्ये सुचवणं हेही बोलावणंच. आणि नाव न घेता टोमणा मारणारी पोस्ट ('हल्ली काही लोक पुस्तक न वाचताच...') टाकू नका. कुणाबद्दल आहे हे सगळ्यांना कळतं, आणि ज्यांना कळत नाही ते कमेंटमध्ये विचारतात.

मला स्वतःला कठोर परीक्षण लिहायचं असेल, तर मर्यादा कोणती?

मर्यादा पुस्तकाच्या मलपृष्ठापर्यंत. गंमत म्हणजे कायद्यानं यासाठी पुस्तकाचंच उदाहरण दिलं आहे. १८६०च्या भारतीय दंडसंहितेतलं ते उदाहरण, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही ते आलं आहे. त्याचा आशय असा: अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, तो मनानं दुबळा असला पाहिजे, असं कुणी सद्भावनेनं म्हटलं तर ती बदनामी नाही, कारण लेखकाच्या स्वभावाबद्दलचं हे मत पुस्तकात जेवढं दिसतं तेवढ्यापुरतंच आहे. पण 'पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात नवल नाही, कारण माणूसच दुबळा आणि बाहेरख्याली आहे' म्हटलं की अपवादाचं संरक्षण जातं, कारण हे मत पुस्तकावर उभंच नाही. दीडशे वर्षांपूर्वी आखलेली ही रेघ फेसबुकला जशीच्या तशी लागू पडते.

व्यवहारात एवढं करा: प्रत्येक आक्षेपाला पान क्रमांक किंवा उतारा द्या, 'लेखकाला कळत नाही'ऐवजी 'या प्रकरणात हे सुटलं आहे' लिहा, आणि लेखकाला टॅग करू नका. त्याला वाचायचं असेल तर तो शोधून वाचतोच.

वाचक चारचौघांत माझं शुद्धलेखन काढतात.

चूक असेल तर दुरुस्त करा, 'केली, आभार' म्हणा, संपलं. 'घाईत फोनवरून लिहिलं' ही सबब देऊ नका. ज्याचा पेशाच लिहिणं आहे त्याच्या तोंडी ती शोभत नाही. फेसबुकवर बदलांचा इतिहास वाचकाला दिसतो, त्यामुळे 'मी असं लिहिलंच नव्हतं' हेही चालत नाही.

चूक नसून बोली असेल तर मात्र मागे हटू नका. वऱ्हाडी पात्राच्या तोंडी 'मले पानी दे' असेल आणि कुणी 'मला पाणी' करून देत असेल, तर 'हे पात्र अकोल्याकडचं आहे, तिथं असंच बोलतात' एवढं शांतपणे सांगा. प्रमाणभाषेच्या अहंकारावर निबंध लिहायचा मोह होतो. तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या पोस्टमध्ये लिहा, नाहीतर बिचारा एक वाचक पूर्ण पुण्याच्या वतीनं शिव्या खातो.

माझी कविता नाव गाळून सगळीकडे फिरतेय. आता तर खाली दुसऱ्याच मोठ्या लेखकाचं नाव आलंय.

पहिलं काम पुरावा गोळा करणं: तुमच्या मूळ पोस्टचा दुवा आणि तारीख, छापील अंकाच्या पानाचा फोटो, अंकाचा महिना-वर्ष. त्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

मग ज्याच्या भिंतीवर ती दिसली त्याला इनबॉक्समध्ये लिहा, कमेंटमध्ये नाही. 'नमस्कार. तुम्ही काल टाकलेली कविता माझी आहे, अमुक दिवाळी अंकात आली होती. पानाचा फोटो जोडतोय. कृपया माझं नाव घालाल का? आवडली हे वाचून बरं वाटलं.' बहुतेकांना ती नाव नसलेलीच मिळालेली असते. त्यांना 'चोर' म्हटलंत की ते नाव घालायच्या ऐवजी पोस्ट काढून टाकतात, आणि तुमचे दोनशे वाचक जातात.

दोन-तीन दिवसांत उत्तर नाही, किंवा कुणी ती स्वतःच्या नावावरच खपवतोय, तर फेसबुक-इन्स्टाग्रामचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. तो हक्कधारकानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीनंच भरायचा असतो. शंभर चाहत्यांना 'रिपोर्ट करा' सांगून काम होत नाही. अंकाला किंवा प्रकाशकाला हक्क दिले असले, तरी लेखक म्हणून आपलं नाव सांगण्याचा हक्क १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार तुमच्याकडे राहतो.

व्हॉट्सअॅपवर सुटलेलं परत येत नाही. वारंवार फॉरवर्ड झालेला मजकूर एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, पण कॉपी-पेस्ट केला की ती अटही गळून पडते. म्हणून काळजी सुरुवातीलाच घ्यावी. नाव कवितेच्या शेवटी असेल तर तेच आधी कापलं जातं. ते शीर्षकाशेजारी, पहिल्या ओळीच्या वर टाका. चित्र करून टाकत असाल तर नाव खालच्या कोपऱ्यात नको, दोन कडव्यांच्या मध्ये घ्या. तिथून ते कापता येत नाही.

पुस्तकाची पीडीएफ टेलिग्रामवर सापडली.

त्या चॅनेलवर जाऊन भांडू नका; सदस्य तुम्हालाच 'ज्ञान फुकट हवं' म्हणून ऐकवतील, आणि भांडणाच्या स्क्रीनशॉटमुळे चॅनेलची जाहिरात होईल. दुवा, तारीख, सदस्यसंख्या यांचे स्क्रीनशॉट घेऊन प्रकाशकाला द्या. बहुतेक करारांत पुस्तकाचे हक्क प्रकाशकाकडे असतात, म्हणून तक्रार त्यानंच करणं योग्य. २०१३च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे रीतसर लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो; मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. नाव लपवून चॅनेल चालवणारे अगदीच सुरक्षित नाहीत: २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं टेलिग्रामला अशा एका प्रकरणात चॅनेलचालकांची माहिती द्यायला सांगितलं होतं.

जो वाचक 'सर, पीडीएफ वाचली, फार आवडली' असं निरागसपणे कळवतो, त्याच्यावर डाफरू नका. 'आवडली याचा आनंद आहे. ती प्रत चोरीची आहे. छापील पुस्तक अमुक रुपयांना इथं मिळेल, वाचनालयातही मागता येईल.' बरेचजण विकत घेतात.

मी दुसऱ्यांच्या कविता आवडीनं टाकतो. काय पाहावं?

दोन गोष्टी: त्या त्याच कवीच्या आहेत का, आणि पूर्ण टाकायचा हक्क आहे का.

पहिल्या बाबतीत आपला रेकॉर्ड काही बरा नाही. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, पण त्यांच्या नावावरचं लेखन व्हॉट्सअॅपवर अजून वाढतंच आहे. कुठल्याही ओळींना शेवटी 'तुका म्हणे' जोडलं की अभंग तयार. आणि शाळाशाळांतून फ्रेम करून लावलेलं लिंकनचं मुख्याध्यापकांना पत्र, जे वसंत बापटांच्या सुंदर मराठीमुळे घराघरांत पोचलं, ते लिंकनच्या संग्रहित लेखनात सापडत नाही. म्हणून उपाय एकच: संग्रहाचं नाव आणि पान स्वतः पाहिल्याशिवाय ओळी टाकू नका. 'साभार' हा शब्द एकटा लिहू नका. कुणाचे आभार ते लिहा.

हक्काचा हिशोब असा. कवीच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कविता २०१७ पासून मुक्त आहेत. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत थांबा; कुसुमाग्रजांसाठी २०५९ अखेरपर्यंत. मरणोत्तर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून धरतात. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि संग्रह १९५२ चा, तेव्हा दोन्ही हिशोबांनी मुदत संपली आहे. मुदतीतल्या कवितेवर लिहिताना रसग्रहणापुरत्या ओळी उद्धृत करता येतात. 'चार ओळींपर्यंत चालतं' असा नियम मात्र कायद्यात कुठंही नाही.

पुस्तकाची जाहिरात किती केली की अति होते?

जाहिरातीच्या एका पोस्टमागे विषयाच्या तीन-चार पोस्टी असाव्यात, असा ढोबळ अंदाज धरा. मुखपृष्ठ, पूर्वनोंदणी सुरू, पूर्वनोंदणी संपायला दोन दिवस, प्रकाशन, मग महिन्याभरानं एखादा वाचकाभिप्राय: एवढं कुणाला खुपत नाही. खुपतं ते पन्नास जणांना टॅग करणं आणि न विचारता व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये ओढणं. त्यापेक्षा व्हॉट्सअॅपची प्रक्षेपण यादी (ब्रॉडकास्ट लिस्ट) बरी; तिच्यात २५६ नावं मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच संदेश जातो, म्हणजे तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्याला त्रास नाही.

'सर, माझी कादंबरी वाचून अभिप्राय द्या,' असं म्हणून लोक तीनशे पानांची पीडीएफ पाठवतात.

उत्तर द्या, आणि लवकर द्या. तीन महिने निळ्या टिका दाखवून गप्प राहणं नकारापेक्षा वाईट. 'पूर्ण हस्तलिखित वाचणं जमणार नाही. पहिली दहा पानं पाठवलीत तर महिन्याअखेरपर्यंत चार ओळी कळवीन.' हे जमणार नसेल तर तेही लिहू नका. तुम्ही हस्तलिखित-वाचन पैसे घेऊन करत असाल तर दर त्याच उत्तरात सांगा. आधी आपुलकी आणि नंतर बिल, हा क्रम माणसं विसरत नाहीत. 'छान आहे, लिहीत राहा' हा अभिप्राय देऊ नका. तो उद्या मलपृष्ठावर तुमच्या नावानं छापून येतो.

मानधन थकलंय. जाहीर लिहू का?

शेवटी लिहा, आधी नाही. बिल तारखेसह मेलवर पाठवा, सोबत खात्याचा तपशील आणि पॅन. पंधरा दिवसांनी आठवण, मग फोन, आणि फोनवर जे ठरलं ते लगेच मेलवर: 'आजच्या बोलण्याप्रमाणे २० तारखेपर्यंत रक्कम येईल.' तीही तारीख टळली तर जाहीर लिहायला हरकत नाही. पण फक्त हे: मजकूर कधी छापला, किती ठरलं, आठवणी कोणत्या तारखांना दिल्या. संपादकाचा नंबर देऊ नका, हेतूबद्दल लिहू नका. पैसे आले की त्याच पोस्टमध्ये वर 'रक्कम मिळाली' असं तारखेसह टाका. वसुलीचा दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं असते, त्यामुळे मेल जपून ठेवा.

कुणी मोठा लेखक गेला की लगेच लिहावं का?

कुटुंब, प्रकाशक किंवा वर्तमानपत्र यांपैकी कुणीतरी सांगितल्याशिवाय नाही. जिवंत माणसांना श्रद्धांजली वाहण्यात आपले ग्रुप पटाईत आहेत. लिहिल्यावर पोस्टमधले 'मी', 'मला', 'माझ्या' मोजा. गेलेल्या माणसाच्या नावापेक्षा ते जास्त भरले तर थांबा. त्यांच्यासोबतचा सेल्फी नको. त्यांच्या एखाद्या पुस्तकाबद्दल दोन परिच्छेद लिहा, कारण त्या दिवशी वाचक त्यांची पुस्तकं शोधत असतात.

चूक झाली, माफी कशी मागावी?

मूळ पोस्ट गुपचूप पुसू नका. स्क्रीनशॉट फिरतच राहतो आणि माफी मात्र कुणाला दिसत नाही. मूळ मजकुराच्या वर लिहा: 'दुरुस्ती, १२ मार्च: खालचा उतारा अमुक अनुवादकाचा आहे, मी नाव दिलं नव्हतं. चूक माझी. त्यांना कळवलं आहे.' 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे शब्द आले की ती माफी राहत नाही. कमेंटमध्ये दोन दिवस लोक बोलतील. प्रत्येकाला उत्तर द्यायला जाऊ नका.

वाचकांना एआयकडून उत्तरं लिहून घेतली तर?

हिशोब, वेळापत्रक, प्रकाशकाच्या मेलचा मसुदा यांसाठी खुशाल घ्या. वाचकाच्या पत्राला नको. कुणी लिहितं की तुमची कथा आईच्या आजारपणात वाचली, आणि उत्तर येतं 'आपल्या भावना आमच्यासाठी मौल्यवान आहेत'. बँकेचा संदेश वाटावा असं ते वाक्य! हातानं लिहिलेल्या दोन तुटक ओळी बऱ्या. लेखनात एआय वापरलं असेल तर संपादकाला मजकूर देतानाच सांगा, छापून आल्यावर नाही.

ब्लॉक करणं उद्धटपणाचं ठरतं का?

नाही. आधी मधली पायरी वापरून पाहा: इन्स्टाग्रामवर एखाद्याला मर्यादित ('रिस्ट्रिक्ट') केलं की त्याच्या कमेंट त्याच्याशिवाय कुणाला दिसत नाहीत आणि त्याला ते कळतही नाही. ओळख नसताना 'अगं-तूगं'वर येणाऱ्याला एकदा 'आपली ओळख नाही, अहो-जाहो बोलू या' असं सांगून पाहावं. लेखिकांना हे फार सोसावं लागतं. रात्री साडेअकराच्या 'झोपलात का?'ला उत्तर द्यायची गरज नाही. ब्लॉक केल्याची पोस्ट टाकू नका. धमकी असेल तर मात्र ब्लॉक करण्याआधी प्रोफाइलचा दुवा, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि संदेशाचा पूर्ण मजकूर जतन करा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. ब्लॉक केल्यावर यातलं बरंचसं तुमच्या बाजूनं दिसेनासं होतं.